बेवारस किलोमीटर

देंबिना, २४ ऑक्टोबर २०१७

प्रिय बोझेना,

येशूची स्तुती असो.

वितेकच्या मातीला तू आलीस, चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसलीस आणि जेवणाआधीच निघून गेलीस. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. लेशेक तर आलाच नाही. तुझा नवरा गाड्या दुरुस्त करणारा, माझा मुलगा चालवणारा, दोघांनी एकाच मालकाकडे इतकी वर्षं काढली, एका डब्यात खाल्लं, आणि खांदा द्यायची वेळ आली तेव्हा लेशेकची पाठ धरली म्हणे. धरली असेल. पाठ कोणाचीही धरते.

फोनवर मला नुसती गुरगुर ऐकू येते हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. खरं तर वुकूवहून बसने पाऊण तासाचा रस्ता. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी तू, वाट चुकायची नाहीस.

विचारायचं ते हे. पेपरात छापून आलंय की चालकाला डुलकी लागली आणि ट्रक रांगेत उभ्या असलेल्या मोटारीवर गेला. आता मी दुकानात शिरले की बायका गप्प होतात. त्या मोटारीतली बाई गेली, तिला दोन मुलं आहेत. तिच्यासाठीही मी रोज मेणबत्ती लावते. पण माझा मुलगा गाडी चालवताना झोपला, हे मला कोणी सांगू नये. झोपाळू होता हे खरं, लहानपणी ताटावर बसल्या बसल्या झोपायचा. पण गाडीवर नाही. "डोळा जड झाला की मी बाजूला लावतो, आई. माल काही रडत नाही," असं म्हणायचा.

कोणती गाडी किती चालली, कोणी चालवली, हे सगळं हापिसात तुझ्या हाताखालून जातं असं तोच सांगायचा. तर काय झालं ते मला लिही. सरळ लिही. म्हातारी आहे म्हणून गुळात घोळवू नकोस.

पोझनानच्या इस्पितळातून त्याच्या कपड्यांची पिशवी आली आहे. दोन दिवस तो तिथे होता, शुद्धीवर आलाच नाही, तेव्हा अंगावर होते ते कपडे. पिशवीची गाठ अजून सोडवत नाही.

तुझी
गेन्या मावशी


वुकूव, २९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. त्या दिवशी मी लवकर निघाले कारण मुलं शेजारणीकडे होती. रागावू नकोस.

तू सरळ लिही म्हणालीस, तर सांगते. प्रत्येक चालकाचं त्याच्या नावाचं एक कार्ड असतं. ते गाडीतल्या यंत्रात घातलं की गाडी जितकी चालेल तितके किलोमीटर आणि तितके तास त्याच्या नावावर पडतात. वितेकचं कार्ड अपघाताच्या आठवडाभर आधी बिघडलं होतं. नवं मागवलं होतं, ते यायचं होतं. तोपर्यंत कार्डाशिवाय गाडी चालवायला कायद्याने परवानगी असते. फक्त सकाळी निघताना आणि संध्याकाळी थांबताना यंत्रातून कागदाची पट्टी काढायची, दुकानाच्या बिलासारखी असते, आणि मागे आपलं नाव लिहून सही करायची. वितेक ते न चुकता करायचा. म्हणजे कार्ड नसण्यात त्याचा काही गुन्हा नव्हता, हे तू दुकानातल्या बायकांना सांगू शकतेस.

अडचण एवढीच की कार्ड नसलं की यंत्राला माणूस कळत नाही. गाडी चालली, एवढंच ते लिहितं. कोणी चालवली त्याचा पत्ता नसतो. ऑफिसमध्ये आम्ही त्यांना बेवारस किलोमीटर म्हणतो. मग मी विचारून विचारून प्रत्येकापुढे नाव घालते. ते माझंच काम आहे.

वितेकला बाहेर काढल्यावर गाडी जळाली, तिच्यातलं यंत्रही जळालं. त्यामुळे त्या पट्ट्या फार महत्त्वाच्या आहेत. तू पिशवी उघडशील तेव्हा खिसे बघ. पट्ट्या सापडल्या तर माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव, ऑफिसच्या नको. पोलिसांनी मागितल्या तरी आधी मला कळव. विम्याच्या कामासाठी लागतील.

जेवत जा, मावशी.

तुझी
बोझेना


देंबिना, ५ नोव्हेंबर

प्रिय बोझेना,

येशूची स्तुती असो, आणि माझ्या हाताला काय म्हणावं ते तूच सांग.

मृतांच्या सणाला थडग्यांवर दिवे लावून आले आणि मनाचा हिय्या करून पिशवी उघडली. सदऱ्याच्या वरच्या खिशात दोन पट्ट्या होत्या, ओल्या, चुरगळून गोळा झालेल्या. रक्तही लागलं होतं. चुलीच्या कडेला त्या वाळवल्या. एक आदल्या संध्याकाळची, एक तो निघाला त्या सकाळची. बारीक बारीक आकडे होते, चष्मा लावूनही मला त्यातलं काही उमगलं नाही.

आता कागद कामाला लागणार, हापिसात दाखवायचा, तर तो असा बोळा कसा पाठवायचा? चर्चच्या वेदीवरची कापडं मी इतकी वर्षं इस्त्री करते, पाद्रीबुवा म्हणतात की गेन्याने इस्त्री केलेल्या कापडावर माशीचा पाय घसरेल. मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, वर पातळ फडकं घातलं, इस्त्री अगदी मंद केली आणि एकदाच फिरवली. फडकं उचललं तर दोन्ही काळ्या. जळाल्या नाहीत गं, नुसत्या काळ्या झाल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक आकडा दिसत नाही. पाठीमागे त्याचं नाव आणि सही तेवढी आहे, ती त्याच्या पेनाची आहे म्हणून राहिली.

असला कागद कधी पाहिला नव्हता. कोणी सांगितलं नाही की याला आच लागलेली चालत नाही. सोबत पाठवते. काही करता येतं का बघ, तुम्ही शिकलेली माणसं.

आकडे गेले तर गेले, मला आठवतं ते मी सांगते. आदल्या संध्याकाळी तो गाडी मालकाच्या आवारात लावून घरी आला. किसलेल्या बटाट्याचे घावन केले होते, साय घालून पोटभर खाल्ले. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, म्हणाला. मी विचारलं, मग? तर म्हणाला, "लेशेक रात्री गाडी बाहेर काढून बघणार आहे. त्याच्या हाताखालून गेली की मला काळजी नाही." आणि झोपला तो सकाळपर्यंत. चुलीत कोळसा घालायला मी मध्येच उठले होते, त्याचे पाय रजईबाहेर आले होते ते झाकले. म्हणजे झोप झाली नव्हती असं कोणी म्हणू नये.

ब्रेकचं काय निघालं ते लेशेकला विचार. त्याला नक्की माहीत असेल.

गेन्या मावशी


वुकूव, १५ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

पट्ट्या मिळाल्या. आता त्यांच्यावर काही वाचता येत नाही. तो कागदच तसा असतो, उष्णतेने काळा पडतो. तू मनाला लावून घेऊ नकोस, तशाही त्यांचा फार उपयोग झाला नसता.

लेशेकची पाठ अजून बरी नाही. तो सध्या कोणाशीच फारसं बोलत नाही, म्हणून मी त्याला काही विचारत नाही. ब्रेकची गोष्ट तू बाहेर कोणाकडे काढू नकोस. मालकाने मोठा वकील केला आहे. उगाच ब्रेकचं बोललीस तर ते म्हणतील, गाडी बिघडलेली माहीत होती तरी चालकाने नेली, आणि ते वितेकवरच येईल. तुझ्या भल्यासाठी सांगते.

हान्काने तुझ्यासाठी घराचं चित्र काढलं आहे, सोबत ठेवलंय. यूरेकला खोकला आहे.

बोझेना


देंबिना, ४ डिसेंबर

प्रिय बोझेना,

हान्काला सांग, चित्र कपाटावर लावलं आहे. धूर निघणारं धुराडं छान काढलंय.

रविवारी सकाळी थडग्यावर गेले तर लाल रंगाने "खुनी" लिहिलेलं. दगड नवा, त्यात रंग मुरतो. थडगी खणणारा म्हातारा आणि मी, दोघांनी तारेच्या घासणीने घासलं, तरी अक्षरं वाचता येतात. कोणी लिहिलं मला माहीत नाही. त्या बाईच्या घरचं कोणी असेल तर मी त्याच्यावर रागावू तरी कशी? त्याला पेपराने जे सांगितलं तेच त्याने लिहिलं.

नंतर चौकशीचा माणूस आला. त्याने मोठमोठ्या अक्षरांत लिहून मला विचारलं, कारण मला ऐकू येत नव्हतं. म्हणतो, रात्री ती गाडी दोन-अडीच तास रस्त्यावर पळत होती. मुलगा रात्री गुपचूप माल वाहत होता का, बाहेरची कामं घेत होता का? मी म्हटलं, तो त्या खोलीत झोपला होता. त्याने खोली बघितली, मान हलवली आणि गेला.

बोझेना, त्या पट्ट्यांचं मोल मला आत्ता कळलं. संध्याकाळच्या पट्टीवर गाडी थांबली तेव्हाचा आकडा होता, सकाळच्या पट्टीवर निघतानाचा. मधले किलोमीटर त्याचे नव्हते, हे त्या दोन कागदांवर त्याच्या सहीनिशी होतं. आणि मी ते माझ्या हाताने पुसून टाकलं. रस्त्यावर तो एकदा मेला, दुसऱ्यांदा त्याला मी मारलं, इस्त्री फिरवून. मला झोप लागत नाही. वेदीची कापडं मी पाद्रीबुवांकडे परत पाठवून दिली, इस्त्रीला हात लावायची हिंमत होत नाही.

पण तुला तर सगळं माहीत आहे. मी तुला लिहिलं होतं. त्या साहेबाला तू जाऊन सांग की रात्री गाडी लेशेकने नेली होती, ब्रेक बघायला. तुझं काम आहे ना ते, नाव शोधायचं?

मी वाट बघते.

गेन्या मावशी


देंबिना, १८ जानेवारी २०१८

बोझेना,

नाताळ गेला, नवं वर्ष आलं, तुझं पत्र नाही. आजारी असशील असं मी स्वतःला सांगत होते. तुझ्यासाठी जपमाळही ओढली.

मग पोस्टमनच्या गाडीत बसून मी श्येदल्त्सेला सरकारी वकिलाकडे गेले. तरुण माणूस आहे, सभ्य आहे. पाणी दिलं. मी त्याला सांगितलं की माझा मुलगा त्या रात्री घरी होता. तो लिहून मला दाखवतो, "आई असंच म्हणणार." मी म्हटलं, पट्ट्या होत्या. तो विचारतो, कुठे आहेत? मी म्हटलं, मी इस्त्री केली, काळ्या झाल्या, माझ्या भाचीकडे आहेत. तो हसला नाही, पण खाली बघितलं.

मग त्याने टेबलावरचा कागद फिरवून माझ्याकडे केला. तुमच्या हापिसातून आलेला. त्या सकाळी गाडी निघायच्या आधी यंत्रातली माहिती उतरवून घेतली होती म्हणे. म्हणजे गाडी जळाली तरी आकडे तुझ्याकडे होतेच. रात्रीच्या किलोमीटरसमोर नाव: वितेक. खाली सही तुझी. तुझी सही मी ओळखते, तुझ्या आईसारखाच शेवटी फराटा मारतेस.

माझं पत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुला मिळालं. तो घरी झोपला होता, गाडी लेशेक नेणार होता, दोन्ही तू माझ्या अक्षरात वाचलंस. आणि त्यानंतर ही सही केलीस, तारीख पाहिली मी. मेलेलं माणूस उठून बोलत नाही म्हणून त्याच्या माथी मारलंस. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हे, आणि ते माझ्या बहिणीच्या मुलीने करावं?

पट्ट्या घरच्या पत्त्यावर का मागवल्यास तेही कळलं. तुला त्या नाहीशाच करायच्या होत्या. तुझं काम माझ्या इस्त्रीने केलं, आणि मी अडीच महिने रडतेय की माझ्या हातून काय झालं. "मनाला लावून घेऊ नकोस" असं लिहिताना तुझा हात कसा चालला?

लेशेकचं नाव मी त्या वकिलाला सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. पण मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही, मला मेलेल्या मुलाने सांगितलं, आणि आई असंच म्हणणार. ते आकडे तू पाहिलेस. तू सांगायचं. नाही सांगायचं तर हे पत्रही चुलीत घाल, आणि मला यापुढे लिहू नकोस.

गेनोवेफा


वुकूव, ६ फेब्रुवारी

मावशी,

मी तुझं पत्र जाळलं नाही. नोव्हेंबरचंही नाही. ते जाळायला म्हणून मी दोनदा चुलीपाशी गेले होते.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पट्ट्या मी नाहीशा करायलाच मागवल्या होत्या. त्या काळ्या होऊन आल्या तेव्हा मी देवाचे आभार मानले. हेही तुला कळावं.

त्या रात्री लेशेक गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर गेला, ब्रेक तापवून बघितले, मग ओळखीच्या गॅरेजला जाऊन आला, सुटा भाग मिळतो का ते बघायला. मिळाला नाही. मागच्या चाकांच्या ब्रेकला हवा नीट पोहोचत नव्हती, म्हणजे माल भरलेली गाडी वेळेत थांबलीच नसती. त्याने मालकाला उठवून सांगितलं की ही गाडी उद्या निघता कामा नये. मालक म्हणाला, माल गेलाच पाहिजे, भाग पुढच्या आठवड्यात येईल, आणि तू गाडी नेली होतीस हे कुठे लिहू नकोस. मेकॅनिक गाडी फिरवून आला तर तसं लिहून ठेवायचा नियम आहे. पण लिहिलं तर दोष माहीत होता हे सिद्ध होतं. लेशेकने लिहिलं नाही. किल्ली खुंटीला लावली आणि घरी आला. घरी येऊन मला सगळं सांगितलं.

म्हणून मला माहीत होतं, मावशी. हे तुला ठाऊक नाही आणि हेच मी लपवत होते, लेशेकच्या चुकीपेक्षाही जास्त.

सकाळी वितेक ऑफिसात आला. हातात पट्टी होती. म्हणाला, "आकडा बराच पुढे गेलाय, रात्री लेशेकच फिरून आला ना?" मालक दारातच उभा होता. मी म्हटलं, हो, ब्रेक बघून आला. तो म्हणाला, "मग झालं." पट्टीची घडी घालून खिशात ठेवली, मला टाटा केला आणि गेला. मी एक शब्द बोलले असते तर तो थांबला असता. वाटलं, पुढचा आठवडा येईपर्यंत काही होणार नाही. इतक्या गाड्या अशाच निघतात आणि परत येतात.

तुझं जानेवारीचं पत्र मी लेशेकला वाचून दाखवलं. तो उठला. मग बूट घातले. आम्ही दोघं श्येदल्त्सेला गेलो. तुझी पत्रं दिली, काळ्या पट्ट्या दिल्या, यंत्रातली मूळ माहिती दिली. त्या किलोमीटरसमोरचं नाव मी माझ्या हाताने खोडून लेशेकचं लिहिलं आणि पुन्हा सही केली. त्याला तिथेच ठेवून घेतलं. माझ्यावरही खटला होईल, तोपर्यंत मला घरी सोडलंय, मुलं लहान आहेत म्हणून.

मालक करून सवरून नामानिराळा आहे. मेकॅनिकने मला काही सांगितलंच नाही, म्हणतो. मला कामावरून काढलं. आता भाज्यांच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाते, दुपारी परत येते.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही.

बोझेना


देंबिना, १४ फेब्रुवारी

बोझेना,

येशूची स्तुती असो.

सरकारी वकिलाचा कागद आला. रात्रीचे किलोमीटर वितेकचे नव्हते, असं त्यात लिहिलं आहे. रविवारी पाद्रीबुवांनी चर्चमध्ये ते वाचून दाखवलं. बायकांनी माझे हात धरले. ज्या काल बोलत नव्हत्या त्याच. त्या गेलेल्या बाईच्या नवऱ्यालाही मी कागदाची नक्कल पाठवली. उत्तर नाही, येऊही नये.

मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटत नाही. आधी निदान मला वाटायचं की मी इस्त्री फिरवली नसती तर बरं झालं असतं. आता कळलं, तू तोंड उघडलं असतंस तर तो जिवंत असता. "मग झालं" म्हणून तो निघून गेला, ते मी दिवसभर ऐकते. मला काही ऐकू येत नाही, पण ते येतं.

लेशेकला मी माफ करू शकत नाही. तुला तर त्याहून नाही. तो निदान बोलला तरी, मालकाजवळ का होईना. पाद्रीबुवा म्हणाले, प्रार्थना कर, होईल. मी त्यांना म्हटलं, तुम्ही करा.

पण मी काल दिवसभर एकच हिशेब करत बसले होते. पहाटेच्या पाळीला तू अंधारातच निघत असशील. मग मुलांना उठवतं कोण? हान्का आठ वर्षांची, ती यूरेकला न्हाणीघरात नेणार, दूध तापवणार, चुलीजवळ जाणार? शेजारीण किती दिवस बघेल? तुमचं नाव आता गावभर झालंय, तीही दार लावून घेईल. दुकानातल्या बायका कशा गप्प होतात ते मला माहीत आहे. ते त्या पोरांच्या वाट्याला येणार आणि त्यांनी काही केलेलं नाही.

सोमवारपासून मी पहिल्या बसने येते. किल्ली दारातल्या कुंडीखाली ठेव. तू गेल्यावर मी आत शिरेन आणि तू यायच्या आधीच्या बसने निघेन. आपली गाठ पडायला नको, मला अजून तुझं तोंड बघवणार नाही. काही सांगायचं असलं तर टेबलावर लिहून ठेव.

मुलं जेवलेली असतील.

गेन्या मावशी